पारोशी गाडी

आमच्या परळच्या बिल्डिंगमध्ये गाड्या पुसायला एक माणूस येतो. तो एका बादलीत वीस गाड्या पुसतो, म्हणजे विसाव्या गाडीला आधीच्या एकोणीस गाड्यांची घाण लावतो, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. म्हणून आमची गाडी नवरा स्वतः धुतो. आधी स्वतःची आंघोळ, मग देवांची, मग गाडीची. गाडीची आंघोळ सगळ्यात लांबते. (लिहिताना त्याला 'तो' म्हणायची चैन करून घेते. समोर 'अहो'च म्हणते, सासूबाई गेल्या तरी.)

तो गिरगावातल्या वाडीत वाढलेला, मी लालबागच्या चाळीत. आमच्याकडे सुकटीचा वास, त्यांच्याकडे साजूक तुपाचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमचं कशावर एकमत होत नाही, पण पारोशाने काही करायचं नाही, या एका बाबतीत आम्ही दोघं एका माळेचे मणी. माझी आई म्हणायची, पारोशी बाई दारात आली तर दूधसुद्धा नासतं. दूध का नासावं हे आम्ही कधी विचारलं नाही, आंघोळ करून मोकळे झालो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमची मुलगी. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि पार उत्तरेच्या टोकाला, नकाशात जिथे आपण बोटसुद्धा नेत नाही अशा एका देशात नोकरीला गेली. तिचं काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना उठवायचं, बसवायचं, चार पावलं चालवायचं. तिकडे म्हातारी माणसं एकेकटी राहतात, आणि एका म्हाताऱ्यापासून दुसऱ्या म्हातारीपर्यंत नुसतं जंगल. तेव्हा गाडी चालवता आलीच पाहिजे. तिचं मुंबईचं लायसन्स तिथे एक वर्ष चाललं, नंतर तिथली परीक्षा देणं भाग होतं. ती दोनदा नापास झाली. पहिल्यांदा तिने मागच्या गाडीला पुढे जा म्हणून खिडकीतून हात काढून दाखवला. परीक्षकाला वाटलं, हिला बरं वाटत नाहीये. दुसऱ्यांदा तिने वळणावर हॉर्न दिला. एकदाच दिला, आणि तोही हळू दिला, असं ती फोनवर रडत सांगत होती.

मग ऑफिसने सांगितलं, हिवाळा संपेपर्यंत लायसन्स आण, नाहीतर तुला ठेवता येणार नाही. नोकरी गेली की तिथलं राहणंही गेलं. तिसऱ्या परीक्षेची तारीख मिळाली, पण परीक्षा शेजारच्या गावात, तासाभराच्या रस्त्यावर. बस पोचते तेव्हा परीक्षा निम्मी झालेली असते, आणि तिला रोज कामावर घेऊन जाणारी मैत्रीण सुट्टीवर. तिथे राहणाऱ्याला बाहेरचं लायसन्स चालत नाही, पाहुण्याला मात्र चालतं.

"बाबा, तू येऊन मला सोडशील का?" तिने विचारलं.

परळहून दादरला सोडशील का, अशा सुरात विचारलं तिने. आणि तो लगेच 'हो' म्हणाला, तोही त्याच सुरात.

त्याच्याबरोबर मीही गेले. आता तो देश. लोक तिथले फोटो पाठवतात, त्यावर विश्वास ठेवू नये. फोटोतला बर्फ पांढरा असतो. रस्त्यावरचा बर्फ म्हणजे मीठ, खडी, कुत्र्यांचं मूत आणि गाड्यांचं तेल यांचा तपकिरी रेंदा. मी शिवडीची खाडी बघितलेली बाई आहे, चिखलाला मी घाबरत नाही. पण शिवडीचा चिखल शिवडीत राहतो. हा रेंदा बुटाला चिकटून घरात येतो, दाराशी वितळतो, आणि तुम्ही मोजे घालून नेमका त्यातच पाय देता. ओल्या मोज्याइतकी किळसवाणी गोष्ट मी जगात दुसरी पाहिलेली नाही. त्यात सगळ्यांची नाकं गळत असतात. ती हातमोज्याला पुसतात आणि त्याच हातमोज्याने हात पुढे करतात. मी नमस्कार करायचे. त्यांना वाटायचं, किती सुसंस्कृत बाई.

खाण्याचं तर बोलूच नये. मी बांगड्याच्या डोक्यावर वाढलेली, पण टूथपेस्टसारख्या ट्यूबमधून माशाची अंडी पिळून पावावर घेताना माणसं पाहिली आणि माझी भूक मेली. चीज म्हणून जी तपकिरी वडी दिली ती मी आधी साबण समजून बेसिनपाशी ठेवली होती. आणि याच लोकांना वास येईल म्हणून लेकीने मला थोडीशी सुकट आणू दिली नव्हती.

पण खरा घाव पुढेच होता. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आमची मुलगी रोज आंघोळ करत नाही.

"आई, इथे कोणीच करत नाही. त्वचा फुटते."

"फुटू दे की. आपल्याकडे खोबरेल तेल आहे."

"आई, एक दिवसाआड. आणि ते पण संध्याकाळी."

मी नवऱ्याकडे पाहिलं. गिरगावच्या चार पिढ्या त्याच्या चेहऱ्यावरून सरकून गेल्या. पण लेकीसमोर तो वाघाची शेळी होतो. म्हणाला, "हवामानाप्रमाणे राहावं माणसाने." आणि स्वतः दिवसातून दोनदा आंघोळ करू लागला, बहुधा तिच्या वाटणीची भरून काढायला.

गाडी आम्ही भाड्याने घेतली होती. पांढरी होती म्हणे, कागदावर तसं लिहिलं होतं. दोन दिवसांत ती खाकी झाली. रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि तो रेंदा उडून तिच्यावर पापुद्रे चढले. रात्री तिला इमारतीसमोरच्या खांबाला विजेची वायर लावून गरम ठेवायची, नाहीतर सकाळी इंजिन उठत नाही. अंधारात ओळीने उभ्या, सलाइन लावल्यासारख्या त्या घाणेरड्या गाड्या पाहिल्या की सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डाची आठवण यायची. नवरा मात्र रोज तिच्यातून लेकीला गावात फिरवून आणायचा. तासाला तीसच्या वर गेला नाही. मागे गाड्यांची रांग लागायची, कोणी हॉर्न देत नसे. त्यानेच तो जास्त घाबरायचा. म्हणाला, "हे लोक मनात शिव्या देतायत. मला पाठीत जाणवतंय."

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी जेवताना मी बोलले. मी बोलायला नको होतं, पण माझ्या नव्या कोटाला गाडीच्या दाराचा काळा पट्टा लागला होता.

"त्या गाडीतून जायचं उद्या? तिला हात लावायला नको वाटतं. चांगल्या कामाला निघायचं आणि गाडी अशी पारोशी."

लेक हसली. "आई, सगळ्यांच्याच तशा असतात." मग बापाला म्हणाली, "बाबा, सकाळी फक्त वायर काढायची आणि काचेवरचा बर्फ खरवडायचा. बाकी काही नाही."

नवरा गप्प राहून भात कालवत होता. तो गप्प असला की काहीतरी शिजत असतं. मला कळायला हवं होतं, पण मी कोटावरचा डाग पाहत बसले होते.

सकाळी, म्हणजे घड्याळाप्रमाणे सकाळी, बाहेर काळोखच होता. मी लेकीच्या हातावर दही-साखर ठेवली. तिथलं दही इतकं घट्ट की हात उलटा केला तरी पडलं नसतं. तिने ते चाटलं, तोंडातल्या तोंडात रस्त्यावरच्या खुणांची उजळणी चालू होती. तेवढ्यात दार उघडून नवरा आत आला. एका हातात फरशी पुसायची बादली, त्यात आंघोळीचा मग. (आंघोळीचाच. दुसऱ्या कामासाठी दादरहून नेलेला मग वेगळा होता, आणि तेवढी शुद्ध त्याला होती.) मिशीवर बर्फ, चेहऱ्यावर अभ्यंगस्नानाचं समाधान.

"काय चकचकीत झालीय, बघा."

लेकीचा हात तोंडाशीच थांबला. "बाबा, चकचकीत म्हणजे?"

"धुतली. कोमट पाण्याने. थंडीत गार पाणी वापरायचं नाही, एवढं मलाही कळतं."

ती बुटाची नाडी न बांधता खाली धावली. आम्ही मागोमाग.

रस्त्यावरच्या दिव्याखाली आमची गाडी साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखी झळकत होती. हॅंडलना बर्फाच्या दाढ्या लोंबत होत्या. दार आणि चौकट यांच्यातली फट दिसतच नव्हती, सगळं एकसंध. लेकीने हॅंडल ओढलं. पलीकडचं ओढलं. मागची दोन्ही ओढली. गाडी नुसती हलली, दार एकही नाही.

"बाबा," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "इथे गाडीवर पाणी घालत नाहीत, बाबा."

"पण मी नंतर पुसली ना. कोरडी."

"कशाने?"

त्याने हातातला पंचा पुढे केला. तो सुक्या बोंबलासारखा ताठ झाला होता.

"अजून गरम पाणी आणू का?" त्याने विचारलं.

"नको," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

गावात एकच टॅक्सी होती आणि तिला आदल्या दिवशी सांगावं लागे. परीक्षेची पुढची तारीख थेट हिवाळा संपल्यावरची. हे लेकीने कोणाला उद्देशून सांगितलं नाही, ती नुसतं बोलत होती आणि बोलता बोलता हातमोजा काढून उघड्या नखांनी दाराची फट खरवडत होती.

आणि माझ्या मनात आलं, बरं झालं.

खोटं कशाला सांगू. अगदी एवढंच आलं. बरं झालं, सुटली पोर या उकिरड्यातून. परळला तिची खोली आहे, तिच्या पलंगावर सध्या पापडांचे डबे आहेत, ते हलवायला किती वेळ लागतो? रोज आंघोळ करील, माणसांत राहील, टूथपेस्टमधले मासे खाणार नाही. मला काही करायचंही नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं.

ती खरवडत होती. दुधाचं पातेलं रिकामं झालं की लहानपणी ती अशीच तळाशी बसायची, शेवटची खरवड निघेपर्यंत. हाक मारली तरी उठायची नाही. बोटं लाल झाली होती आणि नखाखाली बर्फ साचला होता. हिला इथे राहायचंय, हे मला फोनवर कितीतरी वेळा सांगितलं होतं तिने. मी दरवेळी तिकडच्या थंडीबद्दल बोलून विषय बदलला होता.

"मागचं धुतलंत का?" मी नवऱ्याला विचारलं.

"कोणाचं?"

"गाडीचं, अहो. डिकी."

तो ओशाळला. "नाही. तिथपर्यंत पाणीच पुरलं नाही."

मी गाडीच्या मागे गेले. डिकी जशीच्या तशी होती, खाकी, खरखरीत, वर मिठाचा बोटभर थर. आदल्या दिवशी जिला हात लावायला नको वाटत होतं तिच्यावर मी दोन्ही हात ठेवले आणि खालची कळ दाबली. डिकी उसासा टाकून उघडली.

आधी नवरा शिरला. तो काटकुळा, मागची सीट पाडून सरपटत पुढे स्टिअरिंगपर्यंत गेला. इंजिन सुरू झालं. मग लेक, परीक्षेच्या कपड्यांत, पर्स दातांत धरून. मग मी. मी अंगावर काय काय चढवलं होतं ते हिंदमाताच्या दुकानदारालाच ठाऊक. गुडघा आत, पोट अर्धं आत, बाकी सगळी बाहेर, अशी मी अडकले.

"आई, पुढे सरक."

"सरकतेय कुठे मी? तुझ्या बापाने गाडी घेतली ती काडेपेटीएवढी."

"मीच घेतली का?" आतून आवाज आला. "तूच म्हणालीस, लहान बघा, चालवायला बरी."

तेवढ्यात माझ्या मागे बर्फ करकरला. खालच्या मजल्यावरची म्हातारी होती. आम्ही आल्यापासून ती जिन्यात दिसायची आणि भिंतीकडे बघून पुढे जायची. तिथले लोक शेजाऱ्याला ओळख दाखवत नाहीत, याचा मला भयंकर राग होता. म्हातारीने आपली चालताना धरायची ढकलगाडी बाजूला लावली, काही न विचारता माझ्या मागच्या बाजूला दोन्ही हात टेकले आणि खांदा लावून ढकललं. मी आत जाऊन आदळले. ती एकच शब्द बोलली आणि डिकी लावून टाकली. नंतर लेकीला विचारलं, तर तिने सांगितलं, त्याचा अर्थ 'झालं'. त्या देशात आम्हाला स्वतःहून हात लावलेली ती पहिली बाई, आणि लावला तोही कुठे.

पुढचा तासभर मी मागे सामानासारखी पसरून होते. समोरची काच तेवढी गरम हवेने पुसल्यासारखी मोकळी झाली, पण तिघांच्या श्वासाने ती आतून सारखी धुरकट व्हायची. लेक तोच पंचा, आता वितळून चिंब झालेला, घेऊन बापासमोरची काच पुसत होती. त्या पंच्याला खोबरेल तेलाचा, घामाचा आणि मिठाचा मिळून जो वास सुटला होता तो मला आजही आठवतो आणि मळमळतं. मध्येच रस्त्यावर दोन रेनडिअर उभी. नवऱ्याचा हात हॉर्नवर गेला.

"बाबा, नाही."

"मग काय करायचं?"

"थांबायचं."

"किती वेळ?"

"ती जाईपर्यंत."

दादरच्या चौकात तीस वर्षं गाडी घुसवलेला माणूस, दोन शिंगवाल्या जनावरांसमोर हात मांडीवर ठेवून बसला. जनावरं आमच्याकडे बघत सावकाश मुतली आणि मग गेली.

परीक्षा केंद्राच्या काचेपलीकडे परीक्षक बाई हातात कॉफी घेऊन उभी होती. तिच्यादेखत आम्ही तिघंही डिकीतून उतरलो. लेकीने कोट झटकला, केस मागे घेतले आणि आपण रोज अशाच येतो अशा थाटात आत गेली. मग ती बाई तिला दुसऱ्या गाडीत, त्यांच्या गाडीत, बसवून घेऊन गेली.

आम्ही दोघं बाकावर. टेबलावर वाडग्यात काळ्या गोळ्या होत्या. मी एक तोंडात टाकली आणि थेट लहानपणात गेले. चाळीत कल्हईवाला यायचा, तापल्या भांड्यावर नवसागर टाकायचा, त्याचा जो पांढरा धूर घशात जायचा, हुबेहूब तीच चव. हे लोक ते हौसेने चघळतात. थुंकायला जागा नव्हती. तोंडात ती गोळी धरून मी गणपतीला हात जोडले आणि अडकले. विघ्न दूर कर म्हणावं, तर नेमकं विघ्न कुठलं? ती नापास होणं, की पास होणं? तो बिचारा दोन्ही अर्जांवर एकाच भक्ताची सही बघून चक्रावला असता. शेवटी मी म्हटलं, ती फट खरवडत होती ते तू पाहिलंस ना. मग बघ आता. आणि गोळी गिळून टाकली.

"चुकलंच माझं," शेजारी नवरा म्हणाला. तो हाताच्या तळव्यांकडे बघत होता. "पण पारोशा गाडीतून पाठवायची म्हणजे..."

"तुम्ही गप्प बसा. मीच बोलले होते."

लेक परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिथे राहून तीही तशी झाली होती, दगडी. मग ती वाकून हसायला लागली. गाडीबद्दल एक प्रश्न विचारतात म्हणे, त्या बाईने हिला विचारलं, थंडीत दारं गोठू नयेत म्हणून काय काळजी घ्यावी?

"मी म्हटलं, रबराला सिलिकॉन लावायचं. आणि वडिलांना किल्ली द्यायची नाही."

ती पास झाली होती. नवऱ्याने तिला जवळ घेतलं आणि रडला. मीही डोळे पुसले, कशाने ते सांगत नाही, हाताशी तोच पंचा होता.

परत येताना गाडी तिने चालवली. पुढची दोन दारं एव्हाना सुटली होती, मागची तशीच. त्यामुळे मला पुन्हा डिकीच. या वेळी मागून ढकलायला लेक होती. तिचे हात म्हाताऱ्या माणसांना उठवून बसवून पक्के झालेत, मी एका झटक्यात आत गेले. ती म्हातारीसारखंच म्हणाली, तोच शब्द.

आता आम्ही परळला. पापडांचे डबे तिच्या पलंगावरच आहेत. नवरा रोज खाली जाऊन गाडी धुतो आणि वर आल्यावर तिला फोन लावतो. तिकडे तेव्हा पहाट असते, पण ती स्वतः गाडी चालवत निघालेलीच असते, कुठल्यातरी जंगलातल्या म्हाताऱ्याला उभं करायला. काल फोन मी घेतला.

"गाडी धुतलीस का ग?"

"नाही, आई. हिवाळा सुरू झाल्यापासून पाणी लागलेलं नाही तिला."

"आणि तू?"

"आज माझा दिवस नाही."

"शी," मी म्हटलं. "सावकाश जा."